जुन्या लॅपटॉपच्या बिलासोबत काय मागावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकचे प्रवेश सुरू झाले की नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या लॅपटॉपला गिऱ्हाईक वाढते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. म्हणजे 'सातवी पिढी' आणि 'आठवी पिढी' यांत आता फक्त वेगाचा फरक राहिलेला नाही, आणि नेमकी इथेच फसवणूक होते.

गिऱ्हाईक दोनच गोष्टी पाहते: कीबोर्डजवळचा स्टिकर आणि विंडोजच्या सेटिंगमधले 'अबाउट' पान. स्टिकर सुटे विकत मिळतात. 'अबाउट'मधले प्रोसेसरचे नाव विंडोज रजिस्ट्रीतून, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीतून, उचलते. ती ओळ संगणक सुरू होताना नव्याने लिहिली जाते खरी, पण पाठोपाठ चालणारी एक छोटी फाइल स्टार्टअपमध्ये टाकून ठेवली की तिथे हवे ते नाव झळकते. विंडोज ११ चालू दिसते म्हणून यंत्र आठव्या पिढीचे, हेही धरून चालू नये. रूफससारख्या साधनाने ती तपासणी वगळून विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर चढवता येते. पुढे वर्षाचा मोठा अपडेट आपोआप येत नाही, तेव्हा कळते.

यावर उपाय फुकट आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) घालून न्यावे. लॅपटॉप सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबले की बूट मेनू येतो. तिथे पेनड्राइव्ह निवडावा आणि पुढे 'ट्राय' म्हणावे. 'इन्स्टॉल'ला हात लावला नाही तर दुकानदाराचे विंडोज जसेच्या तसे राहते, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. बायोसमधले (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममधले) सिक्युअर बूट मात्र बदलू नये, नाहीतर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कचे कुलूप, चालू असलेले यंत्र पुढच्या वेळी रिकव्हरी की मागत बसते. बायोसलाच पासवर्ड असेल आणि दुकानदाराला तो ठाऊक नसेल, तर ते यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये.

पुढच्या कमांड लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

पहिली 'एलएससीपीयू'. यात 'मॉडेल नेम'ची ओळ वाचावी. आय५-७२००यू आणि आय५-८२५०यू दोन्ही 'आय फाइव्ह'च. पण पहिल्यात २ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे), दुसऱ्यात ४ कोअर आणि ८ थ्रेड. एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) पहिल्यात ३ एमबी, दुसऱ्यात ६. चार आकडी नंबरात पहिला आकडा पिढीचा. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघायचे, म्हणून आय५-११३५जी७ हा अकराव्या पिढीचा, पहिल्या पिढीचा नव्हे. एक गल्लत इथे हमखास होते: 'सीपीयू' या ओळीत ४ दिसले म्हणजे चार कोअर नव्हेत, तिथे थ्रेड मोजलेले असतात. कोअरसाठी 'कोअर पर सॉकेट' ही ओळ पाहावी. एएमडीच्या यंत्रांत नावाची ओळ बायोसला बदलता येते, म्हणून नुसत्या नावावर न थांबता कोअर, थ्रेड आणि कॅश हे तिन्ही आकडे कंपनीच्या संकेतस्थळाशी ताडून पाहावेत.

रॅमसाठी 'सुडो डीएमआयडीकोड', मग जागा सोडून आडवी रेघ आणि टी, पुन्हा जागा आणि 'मेमरी'. प्रत्येक स्लॉटचा वेगळा मजकूर येतो: आकार, डीडीआर३ की डीडीआर४, वेग, पार्ट नंबर. रिकाम्या स्लॉटपुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' असते. ८ जीबी एकाच पट्टीत असेल तर पुढे वाढवायला जागा उरते. चार-चारच्या दोन पट्ट्या असतील तर वेग बरा मिळतो, पण वाढवताना एक काढून टाकावी लागते. यात 'मॅक्सिमम कपॅसिटी' म्हणून येणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. ही कमांड स्वतः काही मोजत नाही, बायोसने लिहून ठेवलेले वाचून दाखवते, आणि तो आकडा बऱ्याचदा चुकीचा असतो. दुसरीकडे 'फ्री' या कमांडमध्ये ८ ऐवजी साडेसातच्या आसपास जीबी दिसले तर भांडू नये. उरलेला भाग ग्राफिक्सने आणि कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) राखून ठेवलेला असतो.

खरी मेख डिस्कमध्ये असते. 'एलएसबीएलके'ला 'रोटा' हा रकाना मागितला की १ म्हणजे फिरती हार्डडिस्क, ० म्हणजे एसएसडी. यूएसबीने जोडलेल्या डिस्कबाबत हा आकडा चुकू शकतो, आतल्या डिस्कला सहसा बरोबर असतो. २५६ जीबीची डिस्क २३८.५ दिसते, ५१२ ची ४७६.९, हा मोजण्याच्या एककाचा फरक आहे, फसवणूक नव्हे. त्यानंतर 'सुडो स्मार्टसीटीएल', आडवी रेघ ए आणि डिस्कचे नाव. हे साधन पेनड्राइव्हवर नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून आधी 'एपीटी अपडेट' आणि मग 'स्मार्टमॉनटूल्स' घालून घ्यावे. 'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे डिस्क चालल्याचे तास. कार्यालयात दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले तर वर्षाचे २००० होतात. 'तीन वर्षे कंपनीत वापरलेला' म्हणून विकलेल्या यंत्रात ४० तास दिसले, तर डिस्क नंतर घातलेली आहे किंवा नोंद पुसलेली आहे. दोन्हीचे उत्तर मागावे. फिरत्या डिस्कला ५ आणि १९७ क्रमांकाच्या (खराब व संशयित जागांच्या) ओळींत शून्याखेरीज आकडा दिसला तर डिस्क बदलून मागावी. १९९ वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नसतो. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) एसएसडीत 'पर्सेंटेज यूज्ड', म्हणजे अपेक्षित आयुष्यापैकी किती टक्के वापरले, ते पाहावे. तो आकडा १०० च्या पुढेही जातो.

बॅटरीला 'यूपॉवर', आडवी रेघ, डी. मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. पाच वर्षांच्या लॅपटॉपवर नेमके १०० टक्के दिसले तर चार्जर काढून वीस मिनिटे थांबावे आणि टक्के किती वेगाने उतरतात ते पाहावे. सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली तो आकडा) शून्य असणे म्हणजे नवी बॅटरी नव्हे, अनेक यंत्रे तो आकडा कळवतच नाहीत.

आपल्या नागपूरला आणखी एक तपासणी लागते, ती उष्णतेची. दुकानात एसी, घरी मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि खोलीत कूलर. 'सेन्सर्स' कमांडने तापमान पाहत प्रोसेसरवर दहा मिनिटे पूर्ण भार टाकावा. एसीतच आकडा ९५ च्या वर गेला, तर घरी ते यंत्र स्वतःचा वेग कमी करून रखडत चालणार. बहुतेक वेळा वाळलेली थर्मल पेस्ट आणि जाळीत साचलेली धूळ एवढेच कारण असते. ते काम दुकानदाराकडून करून घेऊनच पैसे द्यावेत.

विंडोज सोडायचेच नसेल त्यांच्यासाठी: जुन्या व्हिडिओंत सांगितलेली यंत्राची माहिती दाखवणारी 'डब्ल्यूएमआयसी' ही कमांड विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने घातलेल्या यंत्रात मुळात चालू नसते. पॉवरशेलमध्ये 'गेट-सिमइन्स्टन्स' वापरावे. रॅमच्या मजकुरात 'एसएमबायोसमेमरीटाइप'पुढे २४ म्हणजे डीडीआर३, २६ म्हणजे डीडीआर४, ३४ म्हणजे डीडीआर५. नुसत्या 'मेमरीटाइप'पुढे शून्य दिसते, त्यावरून काही ठरवू नये.

एकट्या गिऱ्हाइकाला हे पंधरा-वीस मिनिटांत, उष्णतेची चाचणी धरून पाऊण तासात जमते. शाळा, ग्रामपंचायतींची वाचनालये आणि शिकवणी वर्ग वीस-वीस यंत्रे एकदम घेतात. तिथे हे खरेदीच्या अटीतच लिहावे. प्रत्येक यंत्राची वरील माहिती टेक्स्ट फाइलमध्ये साठवून तिची प्रत बिलाला जोडावी. डीएमआयडीकोडने दिलेला सिरियल नंबर, खालच्या झाकणावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर हे तिन्ही एक असावेत. पहिले दोन जुळत नसतील तर मदरबोर्ड किंवा झाकण बदललेले आहे, आणि अशा यंत्राची किंमत वेगळी ठरवावी.

— संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, नागपूर