नावं पुन्हा वाचता आली

गावातल्या युद्धस्मारकाचा दगड गेल्या आठवड्यात कोणीतरी स्वच्छ केला. तुम्ही कोण, ठाऊक नाही. पण मनापासून आभार. तारेच्या ब्रशनं किंवा आम्लानं कोरीव अक्षरं खराब झाली असती. तुम्ही मऊ ब्रश आणि साधं पाणी घेऊन एकेका अक्षरातलं शेवाळ काढलंत. केवढा तो धीर! १९१४ ते १९१८च्या महायुद्धातल्या लाखो सैनिकांची अखेरची जागा कधी सापडलीच नाही. घरच्यांना माथा टेकायला हा दगडच. पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव मी पहिल्यांदाच बोट फिरवून वाचलं. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता, १९१८ साली तोफा थांबल्या त्या वेळी, आपण स्तब्ध उभे राहू. तेव्हा तुम्हीही तिथे असालच.