कोल्ड फ्रेमचं झाकण उघडायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि थंड प्रदेशात राहून घराबाहेर काहीतरी हिरवं पिकवू बघणारं जे कुणी हे वाचेल त्यांनाही तुम्ही शिकवलेलं मिळू दे, कारण ते एकटीने ठेवून घेण्यासारखं नाहीये.

कोल्ड फ्रेम म्हणजे तळ नसलेली लाकडी पेटी, वाफ्यावर ठेवायची, वर पारदर्शक झाकण. एवढंच. कुणीही बनवेल. पण ती बनवून झाल्यावर तिच्यासोबत रोज कसं वागायचं हे मला तुमच्याशिवाय कुणी इतकं नीट सांगितलं नसतं.

लाकडाला हात लावायच्या आधी तुम्ही मला अंगणात फिरवलंत. उन्हाळ्यातलं ऊन बघून जागा ठरवू नकोस, हिवाळ्यात सूर्य किती खालून जातो आणि कुंपणाची सावली कुठवर येते ते बघ, असं म्हणालात. आपण उत्तर गोलार्धात, म्हणून झाकणाचा उतार दक्षिणेकडे, आणि पाठीमागे भिंत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ती वारा अडवते आणि दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री थोडं थोडं परत देते. पाणी साचतं तिथे फ्रेम ठेवायची नाही हेही तेव्हाच सांगितलंत.

मग मापं. मागची फळी ४५ सेंमी, पुढची ३० सेंमी, पुढून मागे अंतर ९० सेंमीपेक्षा जास्त नाही कारण पुढे उभं राहून मागच्या कोपऱ्यातल्या रोपापर्यंत हात पोचला पाहिजे, आत पाय ठेवायची वेळ येता कामा नये. लाकूड सीडार किंवा लार्चचं मिळालं तर उत्तम, नाहीतर साधं पाइन घ्यायचं आणि जवसाचं तेल पाजायचं, पण क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं डांबरासारखं विषारी रसायन) लावलेल्या जुन्या ओंडक्यांना खाण्याच्या भाजीजवळ अजिबात येऊ द्यायचं नाही. आणि जुन्या खिडक्यांचं! फुकट मिळतात म्हणून सगळे त्याच वापरतात, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याचे पोपडे सुटून मातीत पडतात, त्यामुळे रंग तपासल्याशिवाय ती खिडकी वाफ्यावर ठेवायची नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण ती पालेभाजी लहान मुलांना खायला देतो.

झाकणासाठी काच की पॉलीकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक कडक प्लास्टिकचा पत्रा, यावर आपलं किती बोलणं झालं! चार मिलीमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला १० किलो भरते आणि ६ मिलीमीटरचं दुहेरी पॉलीकार्बोनेट जेमतेम सव्वा किलो, शिवाय त्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये हवा कोंडलेली असते म्हणून ते ऊबही जास्त धरतं. यूव्ही लेप (उन्हातल्या अतिनील किरणांपासून पत्रा वाचवणारा थर) असलेली बाजू बाहेर, आतल्या नळ्या उताराच्या दिशेने म्हणजे बाष्पाचं पाणी खाली निघून जाईल, वरची कड टेपने बंद. माझ्यासाठी तुम्ही तेच ठरवलंत.

पण तुमची खरी शिकवण फटीपासून सुरू झाली. चारही कोपऱ्यांना गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार) लावून बघत होतात आणि मी म्हटलं की एवढं कशाला, ऊन तर वरून येणार आहे. तेव्हा तुम्ही १९०९ सालचा तो प्रयोग सांगितलात. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या, एकीवर काच, दुसरीवर सैंधवाच्या स्फटिकाची पाटी, जी उष्णतेचे किरण काचेसारखे अडवत नाही, आणि तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे ऊब टिकते ती मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. मग फट राहिली तर उरलं काय! तेव्हापासून मी झाकणाखाली फोमची पट्टी लावते आणि पेटीभोवती बाहेरून मातीचा भराव घालते, वर वाळका पाला.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजू, जिच्यासाठी हे पत्र खरंतर लिहितेय. पेटीतली हवा निघून जात नाही म्हणजे ती तापतेही भयंकर. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असते आणि स्वच्छ ऊन पडलं की दुपारपर्यंत आत ३० अंशांच्या वर पारा जातो. तुम्ही म्हणालात, "कोल्ड फ्रेममधली रोपं थंडीने कमी मरतात, उन्हाने जास्त." थंडीत झाकण घट्ट लावून ठेवावं असंच कुणालाही वाटतं ना, मलाही वाटत होतं, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून उघडायलाच शिकवलंत. बाहेर ४-५ अंश आणि ऊन असेल तर बोटभर फट, १० अंशांकडे गेलं तर चांगलं अर्धं उघडायचं, आणि दुपार कलायच्या आधी बंद, म्हणजे उरलेल्या उन्हाची ऊब रात्रीसाठी आत राहते. मऊ पडलेल्या, लांबट वाढलेल्या रोपाला एका गारठ्याच्या रात्री तग धरता येत नाही, पण रोज थोडा वारा खाल्लेलं रोप काटक होतं. शिवाय कोंदट दमट हवेत बुरशी येते आणि कोवळी रोपं मातीच्या रेषेपाशीच कोलमडतात, तिथे हवा खेळती ठेवणं हाच सगळ्यात चांगला उपाय, म्हणून पाणीसुद्धा सकाळीच द्यायचं आणि तेही बेताने.

तुम्ही करून दिलेली ती पट्टी! हातभर लांब, एका कडेला तीन खाचा, पहिली बोटभर उघडायला, दुसरी वीतभर, तिसरी पूर्ण. खाचा तुम्ही सरळ न कापता मागच्या बाजूला जरा तिरक्या कापल्यात, त्यामुळे झाकणाची कड आत बसली की वाऱ्याने हादरूनही सुटत नाही. वर एक साखळी, म्हणजे वादळी वाऱ्यात झाकण उलटून बिजागऱ्या उपटल्या जायला नकोत. बाजारात आपोआप उघडणारे ओपनर मिळतात, नळीतलं मेण तापून फुगतं आणि दांडा ढकलतं, वीजही लागत नाही, आणि दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी तो जरूर लावावा. पण मी शक्य होईल तोवर पट्टीच वापरणार, कारण झाकणाला हात लावायला गेलं की मातीलाही हात लागतो.

दुसरं तुम्ही सांगितलंत ते दिवसाच्या लांबीचं. दिवसाचा उजेड दहा तासांच्या खाली गेला की बहुतेक पिकं जवळपास वाढायचीच थांबतात, पेटी कितीही उबदार असली तरी. म्हणून पालक, केल, लेट्यूस, कॉर्न सॅलड अशा थंडी सोसणाऱ्या पालेभाज्या, हे सगळं शरद ऋतू सुरू व्हायच्या सुमारास पेरून मोठं करून घ्यायचं, आणि भर हिवाळ्यात फ्रेमकडून वाढीची नाही तर राखणीची अपेक्षा ठेवायची. हे ज्यांना माहीत नसतं ते डिसेंबरात बी टाकून वाट बघत बसतात आणि निराश होऊन पेटीच मोडून टाकतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

गोठलेला पालक तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलात तेव्हा मी घाबरले होते. पानं गडद, काचेसारखी ताठ, कडांना पांढरी कणी. "हात लावू नकोस, आता तोडलंस तर लगदा होईल, ऊन येऊ दे." आणि उन्हं चढल्यावर तीच पानं मोकळी होऊन पूर्ववत उभी राहिली. थंडीत पालक पेशींमध्ये साखर साठवतो, त्याने गोठणबिंदू खाली जातो, आणि म्हणूनच हिवाळ्यातला पालक इतका गोड लागतो.

रात्रीचं थोडक्यात, बाकीच्यांसाठी. आकाश निरभ्र असलेली रात्र सगळ्यात वाईट, तेव्हा झाकणावर जुनी गोधडी किंवा गोणपाट आणि वर प्लास्टिक, सकाळी आठवणीने काढायचं. आत मागच्या फळीला टेकवून काळे रंगवलेले पाण्याचे कॅन, काठोकाठ न भरता. पाणी गोठायला लागलं तरी बिघडत नाही उलट तेव्हाच ते जास्त कामाला येतं, कारण एक लिटर पाणी गोठताना जेवढी उष्णता सोडतं तेवढ्यात तेच पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. बर्फ पडला तर कडाक्याच्या रात्री तो राहू दे, तोही पांघरूणच आहे, पण नंतर उजेडासाठी मऊ झाडूने झाडून टाकायचा. आणि तळाला बारीक तारेची जाळी, नाहीतर उंदरांना आयतंच उबदार घर मिळतं.

वसंतात हीच पेटी घरातल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायला लागते, आठवडा-दहा दिवस झाकण रोज थोडं जास्त उघडत न्यायचं आणि मग रोपं वाफ्यात. म्हणजे पुन्हा तेच, उघडणं.

काका, तुमची वेळ, तुमची हत्यारं, "परत बघूया" म्हणत तुम्ही तेच तेच मला न कंटाळता समजावलंत, या सगळ्यासाठी मनापासून थँक्यू. तुमच्या स्वतःच्या फ्रेमवर अजून काचेचं जड झाकण आहे आणि ते उचलताना तुमचा खांदा दुखतो हे मी बघितलंय. या उन्हाळ्यात ते बदलू, पॉलीकार्बोनेटचं बसवू. मापं मी घेते, कापतेही मीच, तुम्ही फक्त गुण्या लावून कोपरे बघायला शेजारी उभे राहा.

तुमची,
शेजारची