उंचीबरोबर वेगही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपग्रह प्रक्षेपणाची बातमी आपल्या दैनिकात येते, तेव्हा यान किती किलोमीटर उंचीवर सोडले हे तीत ठळकपणे असते. ते किती वेगाने सोडले, हे मात्र बहुधा नसते. ही उणीव किरकोळ वाटली तरी तिच्यामुळे एक जुना गैरसमज तसाच टिकून आहे, म्हणून हे पत्र.

14 जुलै 2023 रोजी दुपारी चांद्रयान-3 चे उड्डाण आमच्या सोसायटीतील दहाबारा जण एकत्र बसून पाहत होतो. धुराचा लोट मागे टाकत रॉकेट समुद्राकडे कलू लागले, तेव्हा शेजारच्या आजी हातातला चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आडवं चाललं!" सगळे हसले, पण ते आडवे का चालले, हे हसणाऱ्यांपैकी कितीजणांना सांगता आले असते, याची मला शंका आहे. आजींनी निदान नीट पाहिले होते.

पुरेसे उंच गेले की गुरुत्वाकर्षण संपते आणि वस्तू तरंगू लागते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ज्या सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरते, तेथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असते, आणि तेथवर सरळ नेऊन नुसती सोडलेली वस्तू विहिरीत टाकलेल्या दगडासारखी खाली येईल. केरळमधील थुंबा येथून 1963 पासून उडवली जाणारी संशोधन रॉकेटे हेच करतात: जवळजवळ सरळ वर जातात, मोजमापे घेतात आणि काही मिनिटांत समुद्रात पडतात.

उपग्रहाचेही पडणे थांबलेले नसते. सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर खाली येते, आणि पृथ्वी गोल असल्याने जमीनही साधारण 7.9 किलोमीटर अंतरात तेवढीच खाली वळलेली असते. त्यामुळे वस्तूला सेकंदाला 7.9 किलोमीटर इतका आडवा वेग दिला, तर ती पडत राहते, पण तिची जमिनीशी गाठ पडत नाही. उंचीवर हा आकडा थोडा कमी होतो. एक किलो वस्तू 400 किलोमीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे आठपट ऊर्जा तिला तेथे फिरत ठेवणाऱ्या वेगासाठी लागते. मग रॉकेट आरंभी उभे का उडते? कारण खालची दाट हवा लवकर ओलांडायची असते. त्या हवेत ते एकदम आडवे वळवले तर मोडून पडेल, म्हणून सुरुवातीला ते थोडेसेच कलवतात आणि पुढचे बरेचसे वळण गुरुत्वाकर्षणच घडवून आणते.

चांद्रयान-3 चेच पाहा. पाचव्या मिनिटाच्या सुमारास, दुसरा टप्पा गळून पडला तेव्हा, उंची सुमारे 175 किलोमीटर होती. सोळाव्या मिनिटाला यान वेगळे झाले तेव्हा ती 179 च्या आसपास होती. निव्वळ उंची पाहणाऱ्याला मधली दहा मिनिटे वाया गेली असेच वाटेल. त्याच दहा मिनिटांत क्रायोजेनिक इंजिनाने यानाचा वेग सेकंदाला 10 किलोमीटरच्या पुढे नेला होता (कक्षा लांबलचक लंबवर्तुळाकार असल्याने तो 7.9 पेक्षा जास्त लागला).

श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर असण्याचा संबंधही या आडव्या वेगाशीच आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे तेथील जमीन सेकंदाला सुमारे 450 मीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते, आणि पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला तेवढा वेग फुकट मिळतो. शिवाय जळालेले टप्पे समुद्रात पडतात. ध्रुवीय, म्हणजे उत्तर-दक्षिण, कक्षेत जाणाऱ्या पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटला हा लाभ नाही. उलट दक्षिणेला श्रीलंका असल्याने ते आधी आग्नेयेकडे जाते आणि मग वाटेत दक्षिणेकडे वळते, व त्या वळणापायी बरेच इंधन खर्ची पडते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या प्रक्षेपणाच्या बातमीत उंचीच्या आकड्याशेजारी वेगाचा आकडाही द्यावा, आणि जमल्यास रॉकेटचा मार्ग दाखवणारी एक छोटी आकृती छापावी. इस्रोच्या थेट प्रक्षेपणात हे दोन्ही आकडे पडद्यावर दिसत असतात. वार्ताहराने ते टिपून घेतले तरी पुरे.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा