काकूंच्या खुब्याबद्दल, शुभाला

लीड्स,
रविवार

प्रिय शुभा,

काकूंचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. ‘तू तिकडे नर्स आहेस, आता पुढचं सांग,’ असं लिहिलंयस. अगं, मी नर्स नाही, हेल्थकेअर असिस्टंट. गोळ्या-इंजेक्शनं माझ्याकडे नसतात. अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन, भरवणं, बीपी आणि ताप बघून लिहिणं, हे माझं काम. मिरजेला हे मावश्या आणि घरची माणसं मिळून करतात. इथे घरचे भेटायच्या वेळी येतात, द्राक्षं ठेवतात, जातात. उरलेली लेक-सून मी! एम.कॉम. होऊन हे करतेस, असं दादा अजून फोनवर ऐकवतो. ऐकवू दे.

आमच्याकडे खुबा मोडलेल्या आज्या सारख्या येतात. ऐंशी-नव्वदीच्या, बहुतेक घरातच पडलेल्या. 36 तासांच्या आत ऑपरेशन व्हावं असा इथला दंडक, आणि दुसऱ्या दिवशी पेशंट उभा राहायला हवा. जॉन चार्नली या इंग्रज सर्जनने 1962 मध्ये इथल्या रायटिंग्टन हॉस्पिटलात खुबा बदलायची आजची पद्धत बसवली, तेव्हा पेशंटला कितीतरी दिवस अंथरुणातच ठेवत. आता तसं करत नाहीत, कारण पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात गुठळी होते, मांडीचं मांस झडतं. पण हे आजीला कोण पटवणार? ती म्हणते, ‘उद्या.’ फिजिओ एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, पुढे वॉकर. मी आधी दुखण्याची गोळी लागू पडलीय का ते नर्सला विचारते. आणि ‘चला, उठा’ म्हणत नाही, ‘खिडकीतून पार्किंग बघू या’ म्हणते. पार्किंगमध्ये बघण्यासारखं काही नसतं, तरी बायका उठतात. काकूंनाही अंगणात कोण आलंय ते बघायला उठव. ‘विश्रांती घेऊ दे’ म्हणणाऱ्या आत्याबाईंकडे लक्ष देऊ नकोस.

टाचा बघ. दोन्ही, रोज. पोटरीखाली उशी अशी ठेव की टाच अधांतरी राहील. लाल झालेली जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर पडून राहून होणाऱ्या जखमेची ती सुरुवात, लगेच दाखव. तिथे मालीश मात्र करायची नाही.

रात्री काकू काहीबाही बोलायला लागल्या, तुला ओळखेनाशा झाल्या, तर ‘वेड लागलं’ म्हणून रडत बसू नकोस. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. त्यामागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं असं काहीही असू शकतं, म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी कळव. चष्मा आणि कानाचं यंत्र मात्र दिवसभर लावून ठेव. एक आजी मला रात्रभर बसची कंडक्टर समजत होती. मी तिला तिकीट दिलं, तेव्हा कुठे झोपली. दिवसा कानात यंत्र घातलं आणि मग तिला मी ‘त्या चहावाल्या पोरी’सारखी दिसायला लागले. बढती म्हणायची की काय!

मांडी घालून जमिनीवर बसणं आणि भारतीय संडास सध्या बंद. कमोडची खुर्ची आण. पाय किती दुमडायचा ते ऑपरेशन कोणतं केलंय त्यावर ठरतं, तेव्हा सर्जनलाच विचार. आणि काकूंना उचलताना काखेत हात घालून ओढू नकोस. त्यांचा खांदा जाईल आणि तुझी कंबर.

तुझी,
मीनल

ता. क. काकूंच्या खुर्चीची उंची मोजून कळव. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जात असतील तर ती बदलावी लागेल.