बायोस रिसेट केल्यावर आधी तारीख बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक अडला की 'बायोस रिसेट करून बघा' हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर, आणि रिसेट म्हणजे त्याच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला नेणे. सल्ला चुकीचा नाही. रॅम बदलल्यावर स्क्रीन काळीच राहिली किंवा ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) फसले, तर बहुतेकदा तोच उपाय असतो. पण रिसेटनंतर काय काय बिघडू शकते, हे सल्ला देणारा सांगत नाही. विंडोज नीट सुरू होते, वाय-फायची खूण दिसते, तरी ईमेल उतरत नाही, बँकेची साइट उघडत नाही आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' म्हणत बसते. मग राउटर बंद-चालू होतो, नेट देणाऱ्या कंपनीकडे तक्रार जाते, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले जाते आणि शेवटी फॉरमॅट मारला जातो. हे बहुतेक श्रम वाया जातात. फॉरमॅटमध्ये तर लोकांची वर्षानुवर्षांची कामे पुसली जातात. म्हणून हे पत्र.

बायोस रिसेट करताना जंपर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारे छोटे टोपण) लावला किंवा मदरबोर्डवरचा सेल काढला, तर सेटिंग्जबरोबर बहुधा घड्याळही मूळ तारखेवर जाते. ही तारीख बोर्डाप्रमाणे वेगळी असते, पण बहुधा काही वर्षे मागची असते. ब्राउझर, ईमेल, बँक, अँटिव्हायरस, क्लाउड असा सगळा सुरक्षित संपर्क समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासून होतो. त्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते. आज वैध असलेले प्रमाणपत्र काही वर्षे मागे गेलेल्या संगणकाला 'अजून सुरूच न झालेले' दिसते आणि तो संपर्क तोडतो. ब्राउझर निदान 'तुमचे कनेक्शन खासगी नाही' असे तरी सांगतो. बाकीची सॉफ्टवेअर नुसतेच 'कनेक्शन फेल' दाखवतात आणि माणूस नेटच्या मागे लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: पिंग लागतो (दुसऱ्या संगणकाला पाठवलेल्या चाचणी-संदेशाला उत्तर येते), मेसेजचा एखादा ॲप मोबाइलवर त्याच वाय-फायवर धडधडीत चालतो, पण या संगणकावर एचटीटीपीएसची (सुरक्षित) एकही साइट उघडत नाही. असे दिसले की राउटरला हात लावू नये.

उजव्या कोपऱ्यातली वेळ बरोबर दिसली म्हणून समाधान मानू नका. वर्ष बघा, महिना बघा, सकाळ-संध्याकाळ बघा, टाइम झोन बघा. तास-मिनिटे कुणीतरी घाईत जुळवलेली असतात आणि वर्ष तसेच राहिलेले असते. 'नेट आहे, म्हणजे विंडोज स्वतःच वेळ जुळवेल' हाही एक गैरसमज. डोमेनमध्ये (कार्यालयाच्या मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या व्यवस्थेत) नसलेल्या संगणकावर विंडोजची वेळसेवा मूळ सेटिंगनुसार १५ तासांपर्यंतचाच फरक दुरुस्त करते. त्याहून मोठा फरक ती संशयास्पद मानून सोडून देते. त्यामुळे तारीख आधी हाताने बरोबर करावी, शक्यतो बायोसमध्येच, आणि मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' खाली 'डेट अँड टाइम' मध्ये जाऊन 'सिंक नाऊ' दाबावे. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, असे या कामातले कुणीही सांगेल.

दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली, तर दोष मदरबोर्डवरच्या सेलचा आहे. तो बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा. इथे एक गोष्ट फसवते. भिंतीचे बटण चालू असेपर्यंत घड्याळाला पॉवर सप्लायमधून वीज मिळत राहते, म्हणून सेल संपला तरी कळत नाही. रात्री बटण बंद केले की सकाळी तारीख गेलेली असते. तपासायचे तर रात्रभर बटण बंद ठेवून सकाळी सरळ बायोसमध्ये शिरून घड्याळ बघावे. मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजावा: नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडा वर दाखवतो, २.७ च्या आसपास आला असेल तर बदलावा. बदलताना वायर भिंतीतून काढायची, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला केली की सेल आपोआप वर उचलला जातो. नवा बसवताना '+' खूण वर. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा वायर आणि कनेक्टरसह येतो आणि काहींत वेगळा सेल नसतोच, तेव्हा आधी उघडून बघावे आणि मगच नवा आणावा.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर सेल चांगला असूनही वेळ हलते. विंडोज बोर्डाचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स जागतिक वेळेवर. एकातून दुसऱ्यात गेले की टाइम झोनइतका फरक पडतो. तिथे सेल बदलून काही होणार नाही, दोन्हींना एकच पद्धत लावून द्यावी लागते.

कार्यालयांत तर घड्याळाची मर्यादा आणखी कडक असते. विंडोज डोमेनचे लॉगिन ज्या केर्बेरॉस पद्धतीवर चालते, ती मूळ सेटिंगला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. सामाईक फोल्डर उघडत नाही, बरोबर पासवर्डही नाकारला जातो, आणि दोष पासवर्डवर टाकला जातो. काही महागडी डिझाइन सॉफ्टवेअर घड्याळ मागे गेल्याचे दिसले की लायसन्सच रोखतात, कारण मुदत वाढवायला लोक घड्याळ मागे करतात हे त्यांना ठाऊक असते.

तारीख बरोबर आहे आणि तरी फक्त ऑफिसची खाती लागत नाहीत, ८००९००१६ असा कोड येतो, विंडोजचा पिन चालत नाही, तर टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) बघावे. रिसेटने ते कधी कधी बंद होते. इंटेल बोर्डावर त्याचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. खात्याच्या किल्ल्या त्याच चिपमध्ये असतात, त्यामुळे ते बंद असताना त्या सापडत नाहीत. परत चालू केले की बहुधा सगळे जागेवर येते. नाही आले तर 'अकाउंट्स' मध्ये जाऊन ते ऑफिसचे खाते काढून पुन्हा जोडावे लागते. घाईत 'क्लिअर टीपीएम' कृपा करून दाबू नका. एएमडीच्या संगणकावर प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस बदलल्यावर कधी सुरुवातीलाच 'वाय' दाबा की 'एन' दाबा असे विचारणारी काळी स्क्रीन येते. तिथे 'वाय' म्हणजे किल्ल्या पुसून टाका. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल, तर तो एक अक्षराचा निर्णय पूर्ण डिस्क कुलूपबंद करतो.

व्हर्च्युअलायझेशनचे (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याच्या सोयीचे) तसेच. बऱ्याच बोर्डांवर ते मूळ सेटिंगमध्ये बंद असते, म्हणून रिसेटनंतर डॉकर, व्हर्च्युअलबॉक्स आणि अँड्रॉइडचे एम्युलेटर एकदम बंद पडतात. 'डॉकरशी कनेक्शन होत नाही' हा संदेश बघून नेटवर्क तपासण्यात अर्थ नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'सीपीयू' उघडा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलसाठी व्हीटी-एक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम चालू करायचे.

वजनकाटा, जुना बारकोड स्कॅनर किंवा यंत्राचा कंट्रोलर सीरियल पोर्टवर असेल, तर बोर्डावरचा तो पोर्ट बायोसमध्ये चालू आहे का, आणि त्याचा पत्ता पूर्वीचाच आहे का, हे आधी बघावे. कॉम १ (पहिला सीरियल पोर्ट) साधारणपणे ३एफ८ या पत्त्यावर आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) ४ वर असतो, कॉम २ हा २एफ८ आणि आयआरक्यू ३ वर. पत्ता बदलला की पोर्टचा क्रमांक बदलतो आणि सॉफ्टवेअर रिकाम्या पोर्टवर वाट बघत राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जो क्रमांक दिसतो, तोच सॉफ्टवेअरमध्ये भरावा.

बोर्डावरचे लॅन (नेटवर्क केबल लावायचे तोंड) मुद्दाम बंद ठेवून वेगळे कार्ड वापरले जात असेल, तर रिसेटने ते लॅन पुन्हा चालू होते. विंडोजला दोन नेटवर्क दिसतात. कधी केबल भलत्याच तोंडात जाते, तर कधी ओळखीचे कार्डच नवे समजून ते 'पब्लिक' ठरवले जाते आणि फायरवॉल बाहेरून येणारे सगळे अडवते. म्हणजे मुख्य संगणकावर हिशेब चालतो, बाकीच्यांना मात्र त्याचा डेटाबेस सापडत नाही. नेटवर्क 'प्रायव्हेट' करून ठरलेला आयपी पत्ता पुन्हा दिला की काम होते. ज्यांचे लायसन्स मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेले आहे, त्यांनी कुठले कार्ड चालू आहे हे खास बघावे.

डिस्कचा साटा मोड (डिस्क बोर्डाशी कोणत्या पद्धतीने जोडली जाते ती सेटिंग) बदलून विंडोजच उठत नसेल, तर पहिला मोड परत लावल्याशिवाय दुसरे काही करू नये.

या सगळ्यात निम्मा त्रास केवळ आधी काय सेटिंग होते हे कुणालाच आठवत नसल्यामुळे होतो. दुरुस्ती करणाऱ्या मंडळींना कळकळीची विनंती आहे की रिसेटच्या आधी संगणक बायोसपर्यंत उठत असेल, तर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बऱ्याच बोर्डांत सेटिंग पेनड्राइव्हवर साठवायचीही सोय असते, ती वापरा. बिटलॉकर चालू असेल तर आधी थांबवा आणि ४८ अंक कागदावर उतरवून मालकाच्या हाती द्या. संगणक परत देताना मालकासमोर एक सुरक्षित साइट उघडून दाखवा, ईमेल उतरवून दाखवा, आणि भिंतीचे बटण एकदा बंद-चालू करून तारीख टिकते का तेही बघा.

आपला,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ