तोंडावर आलेलं नाव

तीर्थरूप आई-बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच्या फोनपासून एक गोष्ट मनात डाचते आहे. ती फोनवर बोलायला मला जमणार नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही त्या खलाशाची हकीकत सांगत होतात. १५१९ साली पाच जहाजं घेऊन तो पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांची वाट शोधायला निघाला, आणि दोन वर्षांनी फिलिपिन्समधल्या एका बेटावर लढाईत मारला गेला. त्या पाचांतलं एकच जहाज पृथ्वीला वळसा घालून १५२२ मध्ये परत पोचलं, तेव्हा त्यावर जेमतेम १८ माणसं उरली होती. हे सगळं तुम्ही सांगितलंत, जहाजाचं नाव व्हिक्टोरिया हेसुद्धा. फक्त त्या खलाशाचं नाव येईना. "अगं तो... काय बरं त्याचं..." एवढं तुम्ही म्हणताय तोवर मी नाव सांगून मोकळी झाले. तुम्ही "हं, तोच" म्हणालात. मग "आता काही राहत नाही डोक्यात, तू आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिलात. गोष्ट तिथेच थांबली.

मी घाई केली, बाबा. माझं चुकलं. आणि ते जास्त लागलं, कारण आमच्या शनिवारच्या खेळात नेमकं हेच करायचं नाही असा नियम आहे, आणि तो मला मनापासून पटलेला आहे.

त्या खेळाबद्दल मी तुम्हाला नीट असं कधी सांगितलंच नाही. "आमच्या तिकीटवाल्यांची बैठक होती" एवढंच सांगते आणि पुढे जाते. बैठकीला दहा-बारा जण असतात. सुरुवातीचा वेळ टपाल तिकिटांचा. कुणी नवं काही मिळालेलं दाखवतं, कुणी जास्तीची तिकिटं अदलाबदलीला काढतं, भिंगाखाली तिकिटांच्या कडांचे दात मोजले जातात, शिक्क्यावरची तारीख लागते का बघितलं जातं. मग अल्बम मिटतात, चिमटे आपापल्या डबीत जातात, आणि कुणीतरी म्हणतं, "चला, पहिला प्रश्न कोणाचा?" तिथून पुढे नुसतं सामान्यज्ञान, विषयाला बंधन नाही. ज्याचं उत्तर बरोबर येईल त्याने पुढचा प्रश्न विचारायचा. गुण कोणी मांडत नाही. प्रश्न विचारायचा मान हेच बक्षीस. मोबाइल पिशवीत, उत्तर चुकलं तरी कोणी काही म्हणत नाही, आणि पाच मिनिटं कुणाला काही सुचलं नाही तर विचारणाऱ्याने एक धागा द्यायचा. शिवाय नुसतं उत्तर देऊन भागत नाही, तिथपर्यंत कसे पोचलात तेही सांगावं लागतं. मला सगळ्यांत आवडतो तो हा भाग.

एकदा एकाने विचारलं, जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या, म्हणजे ब्रिटनच्या १८४० च्या, एका पेनीच्या काळ्या 'पेनी ब्लॅक'च्या, एका शीटमध्ये २४० तिकिटं का असायची? वीस ओळी, प्रत्येक ओळीत बारा. दोनशे का नाही, अडीचशे का नाही? पाठ असायला हवं असं यात काही नाही. तेव्हा बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पाउंड हे कधीतरी शाळेत कानावर पडलेलं असलं की पुरे. एक ओळ म्हणजे एक शिलिंग, अख्खी शीट म्हणजे एक पाउंड. पोस्टातल्या कारकुनाला मोजायलाच नको, नुसत्या ओळी कापून द्यायच्या. त्या तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक अक्षर असतं. डावीकडचं ओळीचं, उजवीकडचं त्या ओळीतल्या जागेचं. 'ए-ए' म्हणजे पहिल्या ओळीतलं पहिलं, 'टी-एल' म्हणजे विसाव्या ओळीतलं बारावं, शीटमधलं शेवटचं. सुटं झालेलं तिकीटसुद्धा आपण कुठे बसलो होतो ते सांगत राहतं. त्या दिवशी मी घरी येऊन कितीतरी वेळ पुस्तकातलं त्याचं चित्र बघत बसले होते.

आई, तेव्हा तुझी फार आठवण आली. तुला नावं-सनावळ्यांत कधी रस नव्हता, पण "हे असंच का?" हा प्रश्न तुझा पाठ सोडत नसे. म्हणून हा खास तुझ्यासाठी. ते काळं तिकीट वर्षभरही टिकलं नाही. १८४१ मध्येच त्याचा रंग बदलून लाल केला. का? धागा देते. काळ्या तिकिटावर पोस्टाचा शिक्का लाल शाईचा असायचा. आता पुढचं तू सांग, मी थांबते. (तुला आठवतं, पाकिटांवरची तिकिटं काढायला आपण वाडग्यात कोमट पाणी घ्यायचो? मी लगेच बोटांनी ओढायला जायची, तू हात धरायचीस. "ओढू नकोस, फाटेल. डिंक सुटला की आपणच वर येतं." मग ती टिपकागदावर पालथी घालून वर जाडजूड पुस्तक ठेवायचं. अजूनही मी तसंच करते.)

सगळेच प्रश्न इतके नेटके नसतात. एकदा माझी पाळी होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारलं, "पृथ्वीच्या चारही गोलार्धांत ज्याची जमीन आहे असा एकमेव खंड कोणता?" माझ्या मनातलं उत्तर आफ्रिका. कोपऱ्यात बसलेले एक गृहस्थ, आयुष्यभर नकाशे काढायचं काम केलेले, शांतपणे म्हणाले, "आशिया का नाही?" इंडोनेशियाची बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला उतरतात, आणि रशियाचं ईशान्य टोक, चुकोटका, १८० रेखावृत्त ओलांडून पश्चिम गोलार्धात शिरतं. झाले की चार. दहा मिनिटं ॲटलास हातोहात फिरत होता. शेवटी त्यांनीच प्रश्न दुरुस्त करून दिला: विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त ही दोन्ही ज्याच्यातून जातात असा एकमेव खंड कोणता? मग आफ्रिकाच, शंकेला जागा नाही. तेव्हापासून प्रश्न तोंडातून काढण्याआधी मी तो चारी बाजूंनी ठोकून बघते. चांगलं उत्तर देण्यापेक्षा चांगला प्रश्न बांधणं अवघड आहे, हे मला तिथे कळलं.

आता तो नियम कसा झाला ते सांगते. बाबा, हे तुमच्यासाठी.

आमच्यातल्या एका मुलाने विचारलं, "एका तिकिटाने एक मोठा कालवा एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेला असं म्हणतात. तिकीट कुठलं, आणि त्यावर काय होतं?" आमच्यातले सगळ्यांत वयस्कर आजोबा एकदम ताठ बसले. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अख्खी गोष्टच सांगितली. अमेरिकेला अटलांटिक आणि पॅसिफिक जोडायचे होते, आणि कालवा निकाराग्वातून काढायचा की पनामातून यावर सिनेटमध्ये रण माजलं होतं. पनामाच्या बाजूने बुनो-व्हारिया नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर झटत होता. १९०२ च्या मे महिन्यात कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनीक बेटावर माँ पेले ज्वालामुखी फुटला, सां-पिएर शहर काही मिनिटांत बेचिराख झालं, हजारो माणसं गेली. ज्वालामुखी हा शब्द त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी होता. या गृहस्थाने काय केलं, तर १९०० साली निघालेलं निकाराग्वाचं तिकीट शोधून काढलं आणि नव्वदच्या नव्वद सिनेटरांना एकेक पाठवून दिलं. पुढे रेल्वे, मागे डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यातून निघालेला धुराचा लोट. निकाराग्वा स्वतःच्याच तिकिटावर आपला जागता ज्वालामुखी मिरवत होता! १९ जून १९०२ ला मतदान झालं, ४२ विरुद्ध ३४, आणि पनामा जिंकलं.

आजोबा डोळे मिटून सांगत होते आणि बोटाने हवेत त्या डोंगराची कड काढत होते. निमुळता सुळका, मग एका बाजूला उतरती रेघ. आणि ज्वालामुखीच्या नावाशी येऊन अडले. "म... म नेच सुरू होतं. चार अक्षरं की पाच... गोल गोल नाव आहे हो." त्यांचा चेहरा बघवेना. कुणीतरी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. आम्ही गप्प बसून राहिलो. नाव काही आलं नाही. पण ज्याने प्रश्न विचारला होता तोच मुलगा म्हणाला, "आजोबा, नाव राहू दे. एवढं तर मलाही माहीत नव्हतं. पुढचा प्रश्न तुमचा." तिथेच ठरलं की ज्याला ओळख सांगता आली त्याला उत्तर आलं, आणि कुणी शोधत असेल तर त्याच्या तोंडातून नाव काढून घ्यायचं नाही, त्याने मागितलं तरच द्यायचं. सगळ्यांनी हात वर केले.

निघायच्या वेळी ते खाली वाकून चपला घालत होते. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "मोमोटोंबो!" अख्खी खोली हसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही.

(एका तिकिटाने कालवा हलला हे मला स्वतःला पूर्ण पटत नाही. खर्च, अंतर, राजकारण असं बरंच काही त्यामागे होतं. पण मत द्यायच्या आधी त्या माणसांच्या टेबलावर तो एवढासा डोंगर होता, एवढं खरं.)

त्यांच्या त्या "म नेच सुरू होतं" वरून मी थोडं वाचून काढलं. १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅकनील या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर, म्हणजे ऐन विशीतल्या मुलांवर, याचा प्रयोग केला होता. ते क्वचित वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द ओळखायला सांगायचे. सूर्यताऱ्यांची उंची मोजायचं खलाशांचं ते यंत्र, सेक्स्टंट, तेही त्यांत होतं. ज्यांच्या अगदी तोंडावर येऊन शब्द अडला होता त्यांना बरेचदा त्याचं पहिलं अक्षर सांगता यायचं, किती तुकड्यांचा शब्द आहे तेही. म्हणजे शब्द हरवलेला नसतो, आत शाबूत असतो, वाट तेवढी तुंबलेली असते. वय वाढतं तसं हे जास्त होतं आणि विशेषनामांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त. त्याचं कारण मला पटलं. एखादा माणूस सुतारकाम करतो म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास असं काय काय त्याला चिकटून येतं. त्याचं आडनाव सुतार आहे म्हटलं की काहीच चिकटत नाही. नाव एकाच धाग्याला लटकलेलं असतं. बाकीचा जन्मभराचा शब्दसाठा आणि समज मात्र म्हातारपणीही चांगली टिकून असते.

म्हणून "डोक्यात काही राहत नाही" हे मला मान्य नाही, बाबा. पाच जहाजं राहिली, एक परतलं ते राहिलं, त्यावरची माणसं राहिली. मी लहानपणी काहीही विचारलं की तुम्ही "आधी तुला काय वाटतं ते सांग" म्हणायचात आणि पेपर खाली ठेवून खरंच वाट बघायचात. किती वेळ लागला तरी. मला तेवढा वेळ तुम्ही दिलात, आणि परवा मला दोन क्षण थांबता आलं नाही.

पुढच्या वेळी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगा. मी मधे बोलणार नाही. नाव आलं तर आलं, आणि मी ते या पत्रातही मुद्दामच लिहिलेलं नाही.

आणि एक मागणं आहे. पुढच्या महिन्यात पहिला प्रश्न माझा आहे. तो मला तुमच्या दोघांकडून हवा. एक आईचा, "असंच का?" छापाचा, एक बाबांचा. कागदावर लिहून पाकिटातून पाठवा. मी तो तुमचा म्हणूनच विचारेन, आणि कोणी कसं उत्तर दिलं, कुठे अडलं, कुणी काय वाद घातला ते सगळं लिहून कळवेन. तुमच्या पाकिटावरचं तिकीट अर्थात माझ्या वाडग्यात जाईल.

तोवर बाबांसाठी माझा एक. ज्या कालव्यामुळे जहाजांना तुमच्या त्या खलाशाच्या नावाच्या सामुद्रधुनीपर्यंत वळसा घालावा लागेनासा झाला, तो पनामा कालवा १९१४ मध्ये उघडला. अटलांटिककडून आत शिरलेलं जहाज कालवा ओलांडून पॅसिफिकमध्ये बाहेर पडतं, तेव्हा ते शिरलं त्या जागेच्या पूर्वेला असतं की पश्चिमेला? ॲटलास उघडायचा नाही. धागा एवढाच, की महासागरांची नावं ऐकून जी दिशा चटकन मनात येते तिच्यावर विसंबू नका. उत्तर पत्रातूनच हवं, आणि तिथे कसे पोचलात तेही.

तुमची,
लेक