परभणीच्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो, तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्या एखाद्या शाळेची अडचण यातून सुटली तर आनंदच आहे.

औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत जुन्या कॉम्प्युटरांवर उबुंटू हे लिनक्स चालतं. लेकरांनी सोयाबीनच्या रानातली काळी माती डब्यांत भरून तिचा ओलावा मोजायचा सेन्सर एका स्वस्त सर्किट बोर्डाला जोडला होता. बोर्ड यूएसबीला लावला की स्क्रीनवर एकच ओळ यायची, ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, सुडो लावा, नाहीतर सीएचमॉड ६६६ करून सगळ्यांनाच परवानगी द्या. सुडो म्हणजे शाळेच्या मशीनचा सगळा ताबा आठवीच्या लेकरांच्या हाती. आणि सीएचमॉड केलं तरी बोर्ड काढून परत लावला की पुन्हा तीच ओळ.

असं का होतं, हे तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत. बोर्ड लावला की सिस्टीम त्याच्यासाठी टीटीवाययूएसबी० अशी एक फाइल तयार करते, बोर्ड काढला की ती फाइल जाते. तिच्यावर हाताने दिलेली परवानगीही तिच्याबरोबरच जाते. ती टिकवायची असेल तर यूडेव्हला, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था बघणाऱ्या प्रोग्रामला, नियम लिहून द्यावा लागतो, कारण ती फाइल कोणत्या गटाची आणि कोणाला उघडता येईल हे तोच ठरवतो. उबुंटूत ती डायलआउट गटाची असते. स्वतःच्या मशीनवर त्या गटात नाव घालून पुन्हा लॉगिन केलं की भागतं. पण आमच्याकडे एकाच मशीनवर तासागणिक लेकरं बदलतात, म्हणून तुम्ही नियमात यूॲक्सेसचा टॅग, म्हणजे एक खूण, लावायला सुचवलंत. मशीनसमोर बसून ज्याने लॉगिन केलं आहे त्यालाच परवानगी मिळते, तो उठला की ती निघून जाते. शाळेसाठी याहून चांगली सोय मला तरी दिसत नाही.

सर, तो नियम तुम्ही मोबाइलवर तयार पाठवू शकला असता. पण तुम्ही तो लेकरांकडून लिहून घेतलात, याचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं. एका मुलीने जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी एलएसयूएसबी ही कमांड चालवून बोर्डाचा १ए८६:७५२३ हा आकडा मोठ्याने वाचला. पहिला भाग कंपनीचा, दुसरा वस्तूचा, असं तुम्ही सांगितलंत. दोन बरोबरची चिन्हं म्हणजे ‘जुळतंय का बघ’ आणि अधिकपुढे बरोबर म्हणजे ‘हेही जोड’, हे तिच्या वहीत अजून आहे. नियमाच्या फाइलच्या नावात सुरुवातीला ७०च का, असं तिने विचारलं तेव्हा तुम्ही घाई केली नाहीत. या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, आणि यूॲक्सेसचा टॅग बघून परवानगी देणारा सिस्टीमचा नियम ७३ क्रमांकाच्या फाइलीत आहे. आपला टॅग त्याच्या आधीच लागायला हवा. हे ऐकून ती म्हणाली, ‘मग ९९ दिलं असतं तर उपयोगच नव्हता.’ मी इतकी वर्षं विज्ञान शिकवतोय, पण असं उत्तर वर्गात रोज मिळत नाही.

नियम पुन्हा वाचायला लावून बोर्ड काढून लावला आणि फाइलीची परवानगी दाखवणाऱ्या गेटएफएसीएल कमांडने पाहिलं, तर बोर्डाच्या फाइलीपुढे तिच्याच लॉगिनचं नाव, आरडब्ल्यूसह, म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या परवानगीसह. सगळा वर्ग उठून स्क्रीनपाशी आला होता. तुमच्या कानावर तो गलका गेलाच असेल.

आता ती नियमाची फाइल लॅबमधल्या सगळ्या मशीनवर टाकली आहे आणि ओलाव्याचे आकडे रोज नोंदले जातात. आमचा कॉम्प्युटरचा पासवर्ड तुम्ही एकदाही विचारला नाहीत, हेही इथे नमूद करतो. तुमचे मनापासून आभार.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी शाळेत नक्की या. येताना तुमच्याकडचा लॉजिक ॲनालायझर (सर्किटमधले सिग्नल तपासायचं यंत्र) घेऊन या, त्याचा नियम लेकरांना तुमच्यासमोर लिहायचा आहे.

आपला नम्र,
विज्ञान शिक्षक, औसा तालुका, जि. लातूर